पानावर नसलेलं वाक्य

या सदरात छापून येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने नाक मुरडते. पिंपळाखालची बाई, मागून आलेली हाक, उलटे पाय... माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरी अंगात आलेल्या बाईलासुद्धा आधी थर्मामीटर लागायचा. तेव्हा माझा कशावर विश्वास नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला लिंबू-मिरच्या सुचवायला नको. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या तोंडून घडली आहे, भर दुपारी, बायांनी भरलेल्या खोलीत, आणि ती मला आजतागायत सुटलेली नाही.

सत्तरच्या दशकातला मे महिना. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही नागपुरात हनुमान नगरात भाड्याने राहत होतो. एका ओळीत दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, समोर सगळ्यांचं मिळून अंगण, कोपऱ्यात पाण्याचा हौद. मे लागला की आमच्या बाहेरच्या खोलीत पापडांचा कारखाना सुरू व्हायचा. सकाळी उडदाचं पीठ कुटून-मळून ठेवायचं आणि दुपारची जेवणं आटोपली की साऱ्या बायांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन बसायचं. पापड लाटताना वारा चालत नाही, पीठ कोरडं पडतं, म्हणून कूलर बंद. नागपूरचा मे आणि कूलर बंद — आता यावर मी काय बोलू.

मी मात्र लाटत नसे. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी माझा पापड उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा तर नकाशा झाला वं, सुमन. तू राहू दे. तू वाच."

तेव्हापासून मी वाचायची. वाचनालयातून जाड पुठ्ठ्याची कादंबरी आणायची, भिंतीला टेकून बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. बायांचे हात चालू, कान माझ्याकडे. बाकी कोणाच्या सुनेला अशी नोकरी मिळाली असेल असं वाटत नाही.

मला वाक्यांचं वेड फार. चांगलं वाक्य दिसलं की पेन्सिलीने बारीक रेघ मारल्याशिवाय राहवत नाही, पुस्तक वाचनालयाचं असलं तरी. सासूबाईंची रीत वेगळी. त्या तिसरीपर्यंत शिकलेल्या. वाक्य आवडलं की हातातलं लाटणं थांबवायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा वाच वं." मी पुन्हा वाचायची, की झालं, ते वाक्य त्यांचं. आणि आवडायचं काय? नायकाची लांबलचक भाषणं? छे. एका गोष्टीत होतं, की माहेरून परत आलेल्या सुनेने आधी चुलीला हात लावून पाहिला, गरम आहे का म्हणून. ते त्यांनी तीनदा वाचून घेतलं आणि पुढे कितीतरी दिवस भाजी चिरताना पुटपुटत होत्या. मी कॉलेजात भल्याभल्यांची अवतरणं घोकली होती. त्यातलं एकही स्वयंपाकघरापर्यंत आलं नव्हतं.

त्या दुपारी आम्ही एक वकिली कादंबरी वाचत होतो. दोन भाऊ, एक शेत, कोर्टकचेरी. सगळ्या बाया रंगल्या होत्या. माझ्या समोरच शांताबाई बसली होती — आमच्यापासून तिसऱ्या बिऱ्हाडातली, सावनेरकडची. नवरा रेल्वेत, कायम फिरतीवर. लग्नानंतर फार वर्षांनी, डॉक्टर आणि देव दोघांचेही उंबरठे झिजवून तिला मुलगी झाली होती. मुन्नी. वय वर्षं चार आणि आवाज साऱ्या ओळीला पुरेल एवढा. त्या दिवशी मुन्नीला चटईवर झोपवून, दार लोटून शांताबाई आली होती. तिची खोली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यात काही वावगं नव्हतं. आम्ही साऱ्याच असं करायचो.

मी वाचत होते. मोठा भाऊ तारखेला कोर्टात गेला, धाकटा आलाच नाही, वकील चिडला... आणि मग मी वाचलं — "झोपलेलं मूलसुद्धा घरात ऐकू येतं."

सासूबाईंचं लाटणं थांबलं. "वा. पुन्हा वाच वं."

मी पानावर बोट ठेवलं. डाव्या पानाच्या तळाशी, शेवटची ओळ. तिथे वकिलाच्या फीबद्दल काहीतरी होतं. मी वरची ओळ पाहिली, त्याच्या वरची पाहिली. पान उलटलं गेलं असेल म्हणून मागे गेले, पुढे गेले.

"काहून थांबली?"

"सापडत नाही," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता, स्वतःचा. आत्ता वाचलेली ओळ हरवते म्हणजे काय?

तोवर शांताबाईचा हात पापडावरच थिजला होता. ती दाराकडे पाहत होती. कोणाशी बोलल्यासारखं नाही, आपल्याशीच म्हणाली, "मुन्नी ऐकू नाही येऊन राहिली मले."

"झोपली असंल वं ती," कोणीतरी म्हणालं.

"झोपली तरी येते ना." आणि ती उठली.

थोड्याच वेळात तिची हाक आली. ती हाक मी लिहून दाखवू शकत नाही. आम्ही साऱ्या उठून धावलो. चटई रिकामी होती. दार तसंच लोटलेलं. पहिल्या धडाक्यात सगळ्या हौदाकडे पळाल्या. मी आत वाकून पाहिलं, पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. एवढा जीव भांड्यात पडला, पण मुन्नी कुठे होती? कोणी रस्त्यावर गेलं, कोणी मागच्या गल्लीत. उन्हात पाय भाजत होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शांताबाई अंगणाच्या मधोमध उभी राहून नुसती नाव घेत होती.

सासूबाई तिच्या खोलीतून ओरडल्या, "शांते, ही पेटी तू लावली काय वं?"

पेटी म्हणजे लग्नातली मोठी लोखंडी ट्रंक. त्या सकाळी शांताबाईने आतल्या रजया काढून अंगणातल्या बाजेवर उन्हात टाकल्या होत्या आणि ट्रंकेलाही हवा लागू दे म्हणून झाकण उघडं ठेवलं होतं. आता ते बंद होतं. वर कडी कोयंड्यात बसलेली.

"म्या तं उघडी ठेवली होती..." एवढंच ती म्हणाली आणि तिने कडी ओढली.

मुन्नी आत होती. गुडघे पोटाशी, केस घामाने कपाळाला चिकटलेले, मान एका बाजूला. उचलली तर हात लोंबकळला. लोखंडाची ती ट्रंक आतून तव्यासारखी तापलेली होती. लपायला शिरली असेल, खेळायला शिरली असेल, झाकण पडलं आणि कडी आपसूक बसली. ओरडली असेल का? असेलच. पण खिडक्या बंद, आमची लाटण्यांची खडखड आणि माझं वाचन... कोणाला ऐकू जाणार होतं?

तिला आमच्या खोलीत आणलं. कोणीतरी कूलर सुरू केला, साऱ्या पापडांवरून वारा गेला. माझ्या सासूबाई चिमूटभर पीठ सांडलं तरी हळहळायच्या, त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मुन्नीच्या तोंडावर पाणी मारत होत्या, तळपाय चोळत होत्या. शांताबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्याने जवळ येववेना. मी तिचा हात धरला होता, तो हात पिठाने माखलेला आणि बर्फासारखा गार होता, एवढ्या उन्हाळ्यात. मी आयुष्यात कधी देवाचं नाव घेतलं नाही, तेव्हाही घेतलं नाही. पण "रड गं बाई, रड" असं मात्र मनात म्हणत होते.

आणि मुन्नी रडली. आधी खोकली, मग श्वास घेतला, मग असं भोकाड पसरलं की कोपऱ्यावरचे डॉक्टर निरोप पोचायच्या आधीच बनियनवर बाहेर आले. त्यांनी तपासलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने द्यायला सांगितलं, आम्हा सगळ्यांना यथेच्छ झापलं आणि गेले. त्यांचं झापणंसुद्धा किती गोड लागलं म्हणून सांगू. शांताबाई मुन्नीला पोटाशी धरून खाली बसली आणि दोघी मायलेकी एका सुरात रडल्या. आम्ही बाकीच्या हसत होतो, डोळे पुसत होतो, पुन्हा हसत होतो. मी तिथेच पीठ सांडलेल्या फरशीवर बसून राहिले.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "ते वाक्य दाखव मले."

मी पुस्तक उघडलं. दोघींनी मिळून ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, त्या अक्षर-अक्षर लावत, मी भराभरा. मग पुढचं प्रकरण, मागचं प्रकरण. त्या साऱ्या पुस्तकात लहान मूलच नव्हतं हो. दोन भाऊ, एक वकील, एक कारकून. पुढे मी दुसऱ्या वाचनालयातून त्याच कादंबरीची प्रत आणून पाहिली. तिथेही त्या जागी वकिलाची फी.

यजमान म्हणाले, तुझ्याच मनात आलं असेल आणि वाचण्याच्या ओघात तू बोलून गेलीस. मला हे पटायला हवं. वडिलांनीही हेच सांगितलं असतं. पण तेव्हा मला मूल नव्हतं, मुलांच्या झोपेचं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात मुन्नी नव्हती, कोर्ट होतं. शिवाय मी ती ओळ पाहिली होती. पहिलं अक्षर जरा फुटलेलं होतं, शाई जास्त झाल्यासारखं. ऐकणाऱ्या त्या खोलीतल्या साऱ्या बाया होत्या, प्रत्येकीला ते वाक्य जसंच्या तसं पाठ होतं. पाहणारी मात्र मी एकटी.

शांताबाईला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, पुस्तकात असो का नसो. मले वेळेवर आलं ना ऐकू."

दोन-तीन दिवस पापडांचं नाव कोणी काढलं नाही. मग एका दुपारी शांताबाईच पोळपाट घेऊन आली, कडेवर मुन्नी. "वाचा ना वहिनी, त्या भावाभावायचं काय झालं पुढं?" मुन्नीला तिने मधोमध बसवलं, हातात एक लाटणं दिलं आणि समोर पिठाचा रिकामा डबा पालथा घातला. मी पुस्तक उघडलं. प्रत्येक ओळ मी बोट ठेवून वाचत होते.

ते वाक्य कुठून आलं, कोणाचं होतं, मला आजही माहीत नाही, आणि माहीत झाल्याचं जो सांगेल त्याच्यावर माझा विश्वास बसणार नाही. त्या दुपारी मुन्नीने डबा जो बडवायला घेतला तो थांबलीच नाही. घसा फुटेस्तोवर मी ओरडून वाचलं, पण कोर्टाचा निकाल काय लागला ते खोलीत कोणालाही कळलं नाही. आणि "गप बस" असं तिला एकीनेही म्हटलं नाही.