आतला बाबा

माझा नवरा आजारी पडला तेव्हा आमची मुलगी साडेतीन वर्षांची होती. करोनाची दुसरी लाट भरात होती, दवाखान्यात जागा नव्हती. कात्रजच्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधल्या एकुलत्या एक बेडरूममध्ये त्याने स्वतःला कोंडून घेतलं. दाराबाहेर स्टूल, स्टुलावर ताट. मी मागे सरले की दार किलकिलं व्हायचं, एक हात बाहेर यायचा आणि ताट घेऊन आत जायचा. मुलीला बाबा दिसायचा तो तेवढाच. ती दिवसभर त्या दाराला टेकून बसायची. तिने दोनदा टकटक केली की आतूनही दोनदा टकटक व्हायची. मग खोकल्यातून सवड मिळेल तसा तो दबक्या आवाजात गोष्ट सांगायचा. मला कौतुक वाटायचं. पोर रडत नाही, हट्ट करत नाही, आणखी काय हवं?

तो बरा होऊन बाहेर आला तेव्हा गालफडं बसली होती, दाढी वाढली होती. त्याने हात पसरले. तिने त्याला नीट न्याहाळलं, दार ओढून घेतलं आणि पुन्हा टकटक केली.

"बाबा आत आहे," ती मला म्हणाली.

आम्ही हसलो. दाढी काढली की ओळखेल, असं वाटलं. दाढी काढली, महिन्याभरात अंगही भरलं. ती मात्र त्याला काका म्हणू लागली, तेही अहोजाहो करून. "काका, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?" पाहुण्याला हे तोंडावर विचारणारी म्हणजे पक्की पुणेकर झाली, असं मी शेजारणीला थट्टेत सांगितलं. ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

बेडरूममध्ये कोणी झोपायचं नाही, असा तिचा कायदा झाला. आम्ही तिघं हॉलमध्ये गाद्या घालायचो. फोनवर तिच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं की घाई करू नका. मी जन्माची उतावळी. एका दुपारी तिला दंडाला धरून आत नेलं, पलंगाखाली वाकून बघायला लावलं, कपाट उघडलं, पडदे सरकवले. "बघ! आहे का कुणी?" मी ओरडलेच.

ती रडली नाही. "तू दार उघडलं की तो जातो," एवढंच म्हणाली.

त्यानंतर त्या खोलीत कपडे आणायला जायचं झालं तरी मी आधी दिवा लावायची. सरळ सांगते, मला भीती वाटायची. माझ्याच घरातल्या खोलीची.

नवरा पुन्हा खडकीला कामावर जाऊ लागला आणि मुलगी आतल्या बाबाच्या बातम्या आणू लागली. एकदा जेवताना तिने विहिरीतल्या कासवाची गोष्ट सांगितली. ते कासव नवऱ्याच्या अकोल्याकडच्या गावातलं. मला त्याने लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, पण मी तिला ते सांगितलं नव्हतं.

"ही कुणी सांगितली तुला?"

"बाबाने. आज."

मी तिच्याकडेच बघत राहिले. शेजारी मान खाली घालून वरणभात कालवणाऱ्या माणसाकडे बघायचं मला सुचलंच नाही.

रोज दुपारी माझी ऑफिसची मीटिंग असायची. मी स्वयंपाकघरात कानाला हेडफोन लावून बसायची आणि मुलगी आतल्या बोळात, तिच्या त्या दारापाशी. एकदा मीटिंगमध्येच नेट गेलं. मी हेडफोन काढले. बाहेर टकटक झाली, दोनदा. आणि मग बंद खोलीतून उत्तर आलं, दोनदा.

नवरा यायला अजून तास होता, त्याच्या चपला दाराबाहेर नव्हत्या. हॉलची आणि बेडरूमची बाल्कनी एकच आहे. मी तिकडून गेले आणि आत डोकावले.

नवरा फरशीवर बसला होता, दाराला पाठ टेकून. चपला शेजारी काढून ठेवल्या होत्या. कामावरून लवकर सुटून हा रोज चोरासारखा बाल्कनीतून आत येत होता, आणि नंतर तसाच बाहेर जाऊन बेल वाजवत होता. मला पाहून दचकला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"इथून ती माझ्याशी बोलते," तो पुटपुटला.

मी संतापले. मी घरात भिऊन मरतेय, तिथे डॉक्टर काय सांगतायत, आणि हा खुशाल! तोंड उघडणार, तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला.

"बाबा, ते काका अजून गेले नाहीत."

"काहून?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "वाईट आहेत का ते?"

"नाही. पण ते बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. आईला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

बाहेर टकटक झाली. थोड्या वेळाने पुन्हा झाली.

"बाबा? आहेस ना?" तिचा आवाज कापायला लागला.

त्याचा हात काही उठेना. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि दारावर दोनदा टकटक केली.