टीएमएसची रिकामी बाटली

भवानी पेठेतून सायकलवर येणारी, घरी कानडी बोलणारी एक संशोधक मुलगी होती. माझी नोकरी राखली ती तिनं. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना माझीच मान खाली जाते.

मी कणकवलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. सोलापुरात कॉलेजच्या रसायनशाळेत काचसामान धुवायला होते. नोकरी तात्पुरती. रोज वाटायचं, आज काढतील.

ती ज्या सरांच्या हाताखाली संशोधन करायची, त्यांच्या रसायनांचे नमुने पुण्याला एन.एम.आर. मशिनवर जात. पातळ काचेची नळी मोठ्या चुंबकात फिरते, कागदावर सुळके उठतात, त्यावरून रेणूची ठेवण कळते, असं ती मला सांगायची. सुळके मोजायचे तर शून्य हवं. त्यासाठी नळीत टीएमएस नावाच्या द्रवाचे थेंब टाकत. परदेशी बाटली, एवढीशी, बर्फात ठेवायची.

एकदा एप्रिलात सरांनी ती उघडली, आणि प्राचार्यांचं बोलावणं आलं म्हणून तशीच टेबलावर ठेवून गेले. परत आले तर बाटली कोरडी.

"सांडलीत ना बाई? सांडून पुसलीत."

"नाही हो सर, हातसुद्धा नाही लावला."

"मग काय प्यायलात? जबाब लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मी लिहायला बसलेच होते. नोकरीपुढं खरं-खोटं कुठलं! तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"अक्का, थांबा की जरा. सर, हे सत्तावीस अंशाला उकळतंय. भिंतीवरचा थर्मामीटर बघा, हितं एक्केचाळीस हाय. उडून गेलं."

सर डॉक्टरेट झालेले. त्यांना हे ठाऊक नव्हतं थोडंच? "हं," म्हणाले नि निघून गेले.

त्यानंतर तिची नळी पुण्याला गेलीच नाही. दर वेळी पार्सलमधून बाजूला निघायची. असं वर्ष गेलं. शेवटी तिनं तक्रार केली, तेव्हा प्राचार्यांपुढं सर म्हणाले, "हिच्या नळ्याच घाण असतात, कशा पाठवू?" चहाचे कप उचलायला मी तिथंच होते. त्या नळ्या मी धुतलेल्या, तीनतीनदा, वाळवून ठेवलेल्या. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कप उचलले.

ती संशोधन सोडून कुर्डुवाडीला शाळेत शिकवायला गेली. मी कायम झाले.

त्या दिवशी गिळलेलं वाक्य मी तिला देणं लागते. भीती तेव्हाही वाटेलच. पण सर निवृत्त व्हायच्या आत, त्याच खोलीत, नळ्या स्वच्छ होत्या असं मी बोलेन, आणि मगच कुर्डुवाडीला जाऊन तिला तोंड दाखवीन.