दादाचं पाचवं घर

दादा गेला. माझा नुंझियोदादा. अकरा दिवस झाले. त्याच्याबद्दल चांगलं लिही म्हणतात सगळे. चांगलं काय लिहू, महाचिक्कू होता.

इटलीतून आला आणि जन्मभर मेलबर्नमध्ये काँक्रीट ओतलं. ओतता ओतता राहत्या घराशिवाय चार घरं घेतली, चारही भाड्याने दिली. पाचवं घ्यायला गेला तर बँकेतली पोरगी म्हणाली, काका, बास आता, यापुढे कर्ज नाही.

घरी आला तोंड पाडून. आम्ही गॅरेजात बसलो होतो. आमचं सगळं तिथंच, स्वयंपाक तिथं, जेवण तिथं. वरचं चांगलं घर पाहुण्यांसाठी. अस्सुन्तावहिनी वर जायची ती फक्त पुसायला.

दादा म्हणाला, "वरचं भाड्याने देऊ. ते भाडं दाखवलं की बँक देतेय बघ."

"आणि माझी बैठक?" वहिनी म्हणाली.

"तू बसतेस कधी तिथं?"

"मी नाही, लोक बसतात. पोरगी माझी नवरी होऊन तिथून निघाली. उद्या तू मेलास तर लोकांना कुठं बसवू, काँक्रीटच्या मिक्सरवर?"

"मी कशाला मरतोय! दोन वर्षं दे. मग बैठक तुझी."

वर एक नेपाळी नर्स आली, प्रतिमा, नवरा-पोरं घेऊन. बँकेने कर्ज दिलं, पाचवं घर झालं. दोन वर्षांची सहा झाली. वहिनी दर नाताळला विचारायची, हा म्हणायचा, सहावं होऊ दे.

मग त्या पाचव्या घराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढला आणि पडला. माणूस लावला असता तर पैसे गेले असते. म्हणून हा गेला.

लोक भेटायला आले, आमच्यात सुतकाच्या घरी नेतात तशी कॉफी-साखर घेऊन, गॅरेजातच. फादर टोमॅटोच्या क्रेटवर बसले. प्रतिमा खाली आली, "आंटी, सगळ्यांना वर आणा ना." वहिनी लाल झाली. "नको गं. भाडं भरतेस, घर तुझं."

लोक गेल्यावर भाचा दोमेनिको म्हणाला, "आई, वरच्या भाड्यावरच पाचव्याचा हप्ता जातो. चालू ठेवू."

"पाचवं वीक."

"पप्पांचं स्वप्न होतं ते!"

"स्वप्न त्याचं, आणि गॅरेजात मी. वीक. प्रतिमाला सावकाश घर शोधू दे, घाई करू नकोस. पण मला माझी बैठक पाहिजे."

दोमेनिको माझ्याकडे वळला. "आत्या, तू सांग हिला."

दादा होता तोवर मी कायम त्याच्याच बाजूने बोलले. वहिनीलाही ते ठाऊक, ती खालीच बघत होती.

"वीक," मी म्हणाले.

दादा, रागावलास तर रागाव.