फ्रिजचा खालचा कप्पा

आत्याने घरात कुणालाही न विचारता पहिल्यांदा काही आणलं, तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. आणि आणले काय, तर दोन ससे.

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. मागची अंधारी खोली, भिंतीला टेकवलेले कापडाचे ताके, मशीनखाली अस्तराच्या चिंध्यांचा ढीग. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची चर्चा इतरांनीच सुरू केली आणि इतरांनीच संपवली. घरात भाऊ, वहिनी आणि ती. भाचा नोकरीसाठी लांब गेला, तेव्हा त्याची खोली आपल्याला मिळेल असं तिला वाटलं होतं. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल गेलं, जुना सोफा गेला, व्यायामाची सायकल गेली. आत्या राहिली पॅसेजमध्येच, कपाटाच्या आड. एक पलंग, डोक्यावर एक फळी. पडदा मात्र झकास होता. स्वतःच शिवलेला.

भाऊ तिला लहानपणापासून भागूबाई म्हणायचा. दार आपटलं तरी दचकायची म्हणून. वाईट माणूस नव्हता तो. फक्त बहिणीलाही काही हवं असेल, हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही. आणि तिने तरी कधी तोंडातून ब्र काढला होता?

दुकानाशेजारी पक्षी आणि मासे विकणाऱ्याचं दुकान होतं. ते बंद पडायला आलं. पक्षी गेले, मासे गेले, काचेच्या टाक्यासुद्धा गेल्या. उरल्या दोन सशिणी. एकीचा कान लोंबता, दुसरी चावरी.

"ह्यांचं काय करणार?" आत्याने विचारलं.

दुकानदाराने खांदे उडवले. "उद्या टेम्पो येतोय. जे उरेल ते एकगठ्ठा जाईल."

"कुठे?"

"ते मी विचारत नाही, ताई."

आत्या परत दुकानात गेली, पडद्याच्या कड्यांचं खोकं रिकामं केलं आणि सशिणींना त्यात घालून घरी आली. लोंबत्या कानाची ती थोरली, चावरी ती धाकटी.

वहिनी दारातच आडवी आली. "इथे माणसांना जागा नाही आणि तुम्ही ससे आणता?"

"माझ्या पलंगाखाली आहे," आत्या म्हणाली. "तेवढी अजून कुणी मागितली नाही."

भाऊ खो खो हसला. "भागूबाईला जोडीदारणी मिळाल्या!" त्याला वाटलं, आठवडाभराचं वेड आहे.

वेड काही उतरलं नाही. वाळलेलं गवत ती पोत्याने आणायची. सशांचं मुख्य खाणं तेच. पण त्यासोबत रोज ताजा पाला लागतो. कोपऱ्यावरची भाजीवाली गिऱ्हाइकांनी तोडून टाकलेला गाजराचा नि मुळ्याचा पाला तिच्यासाठी बाजूला ठेवू लागली. कोथिंबीर, पुदिना, शेपू ती विकत घ्यायची. सुरुवातीला सगळं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून फ्रिजमध्ये ठेवलं, आणि दोनच दिवसांत पिशवीत हिरवा चिखल झाला. वास घरभर. वहिनीने नाकाला पदर लावला तो दिवसभर काढला नाही.

आत्याने ती पिशवी तशीच भाजीवालीपुढे धरली.

"अगं, पाणी मारलेली जुडी आहे ही," भाजीवाली म्हणाली. "दोरा न सोडता बांधून ठेवलीस तर आतून कुजणारच. आधी मोकळी कर. पिवळं पान काढ, एक सडकं पान सगळ्या जुडीला घेऊन बुडतं. आणि ठेवताना धुऊ नको. धुवायचं ते खायला देताना."

मग आत्याने त्यात स्वतःची भर घातली. अस्तराच्या सुती कापडाचे उरलेले तुकडे तिने घरी आणले, धुतले, कडा दुमडून शिवल्या. संध्याकाळी ती जमिनीवर जुड्या सोडून बसायची, पान न् पान बघायची. ओला पाला पंख्याखाली पसरायची आणि सुकल्यावर कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवायची. डब्याचं झाकण जरासं उघडं. कापड दमट झालं की बदलायचं. पुदिना मात्र डब्यात रुसायचा. त्याच्या काड्यांची टोकं कापून ती त्यांना पेल्यातल्या पाण्यात उभं करायची. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरबताच्या बाटल्या आणि वहिनीची चेहऱ्याला लावायची मलमं होती. आत्याने ती वरच्या फळीवर नेली.

"हा कप्पा माझा," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, पण शब्द पूर्ण आले.

दुसऱ्या दिवशी बाटल्या परत खाली आल्या होत्या. आत्याने त्या पुन्हा वर ठेवल्या. असं बरेच दिवस चाललं. बाटल्या वरखाली करत दोघींच्या दंडात ताकद आली असेल. बोलणं मात्र एका अक्षराचं नाही. गंमत म्हणजे त्या घरात इतकी ताजी कोथिंबीर आजवर कुणी पाहिली नव्हती. भाऊ सकाळी ऑम्लेट करताना हळूच कप्पा उघडायचा.

"सशांच्या ताटातलं उचलू नकोस," आत्या पॅसेजमधून म्हणायची, आणि तो चोरासारखा हात मागे घ्यायचा.

मग एके दिवशी वहिनीच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. फ्रिजमध्ये केक ठेवायचा होता, आइस्क्रीम होतं, जागा पुरेना. आत्या कामावर होती. वहिनीने कप्प्यातला सगळा पाला काढला, एका पिशवीत दाबून भरला, गाठ मारली आणि पिशवी गॅलरीत उन्हात ठेवली. पाहुणे आले, हसले, जेवले, गेले. दुपारनंतर भावाला सशिणी पलंगाखाली लावलेल्या जाळीला पुढचे पाय लावून उभ्या दिसल्या. त्याला दया आली. गॅलरीतल्या पिशवीतून त्याने मूठभर पाला काढून त्यांना घातला. थोरलीने हुंगून तोंड फिरवलं. धाकटी हावरट, तिने सगळा फस्त केला.

सकाळी धाकटी कोपऱ्यात अंग आखडून बसली होती. गवताला तोंड लावेना. जाळीखाली एकसुद्धा लेंडी नव्हती. आत्याने हात पुढे केला, तर ती चावलीसुद्धा नाही. आत्याने तिला खोक्यात घातलं आणि तडक दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "पोटाची हालचाल मंदावली आहे. सशाचं पोट थांबलं की दगावायला वेळ लागत नाही. बरं झालं, लगेच आणलंत. सडकं काही खाल्लंय का?"

आत्याच्या डोळ्यांपुढे गॅलरीतली ती पिशवी आली. सकाळी दिसली होती ती, घामेजलेली, गाठ सुटलेली.

औषध मिळालं. गवताची पूड पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने थोडी थोडी पाजायला सांगितली. आत्याने दुकानात फोन लावला.

"आज येणार नाही."

"अहो, हॉटेलचे पडदे आजच द्यायचे आहेत!" मालक ओरडला. "झालं काय?"

"ससा आजारी आहे."

"काय आजारी आहे?"

"ससा," आत्या म्हणाली. "स-सा." आणि फोन ठेवला.

धाकटी मांडीवर, तोंडात सिरिंज, पोटावर बोटं फिरवत ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जाळीखाली दोन-चार बारीक लेंड्या दिसल्या आणि आत्या एवढ्या मोठ्याने ओरडली की भाऊ चष्मा न लावताच धावत आला. लेंड्या बघून कुणाला आनंदाने रडताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

दोन दिवसांनी तो तिच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसला. वहिनी दाराशी उभी.

"माझ्याच हातून झालं ते," भाऊ म्हणाला. "मला फार वाईट वाटलं. म्हणूनच सांगतो, त्यांना देऊन टाकू. माझ्या ओळखीच्या एकाची शेती आहे. मोकळ्या सोडेल तो. छान बागडतील."

"पाळलेला ससा मोकळ्यावर टिकत नाही. कुत्री धरतात."

"मग दुसरं कुणी बघू. पण आता पुरे. घरात ह्यावरून रोज धुसफूस नको."

"नाही."

भावाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"नाही म्हणाले. देणार नाही. इतकी वर्षं ह्या घरात आहे, मी काय मागितलं? खोली मागितली नाही, खिडकी मागितली नाही. एक कप्पा घेतला, तोही खालचा, वाकून उघडावा लागणारा. तेवढाही तुम्हाला सलला."

"हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू दे. त्यांना तरी कळेल माझा आवाज कसा आहे ते."

वहिनीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला काय माहीत तो पाला सडेल? मुद्दाम केलं का मी?"

"मुद्दाम नाही केलंत," आत्या म्हणाली. "विचारलं मात्र नाहीत. मी जाते आता."

"एका कप्प्यासाठी घर सोडणार?"

"कप्पा मिळाला असता तर सोडलं नसतं, वहिनी."

बोलून तर बसली, पण खोली शोधताना तिची ससेहोलपट झाली. हा शब्द तिच्याच मनात आला आणि रस्त्यात उभी राहून ती एकटीच हसली. एका घरमालकिणीने विचारलं, "एकट्याच? मग नको बाई." दुसऱ्याला ती चालत होती, ससे चालत नव्हते. "त्यांना कुठेतरी ठेवा आणि या," तो म्हणाला. "मलाच कुठेतरी ठेवलं होतं आजवर," आत्या म्हणाली आणि जिना उतरली. शेवटी बस डेपोतून निवृत्त झालेला एक म्हातारा मेकॅनिक भेटला. त्याच्या गॅरेजवर एक खोली होती.

"आवाज करतात?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही."

"आधीचा भाडेकरू ट्रम्पेट शिकत होता. घ्या खोली."

तिने खोलीत पहिली वस्तू आणली ती पलंग नव्हे, जुना फ्रिज. एका बाजूने पोचे आलेला, सुरू होताना खोकणारा. दार नीट लागत नव्हतं. मेकॅनिकने बिजागरीत चकती घालून ते बसवून दिलं. आत्या कितीतरी दिवस गादी टाकून जमिनीवर झोपली, पण फ्रिजचे सगळे कप्पे भरले. वर मुळ्याचा पाला, मधे शेपू आणि कोथिंबीर, दारात पुदिन्याचे पेले. स्वतःसाठी एक दह्याचं भांडं नि अर्धं लिंबू. खिडकीत तिने तुटक्या बादल्यांमधून पुदिना लावला. दुकानात मालकाला सांगून टाकलं, यापुढे मागच्या खोलीत शिवणार नाही, मशीन उजेडात हवं. तो कुरकुरला. मग त्याने मशीन पुढे हलवलं, कारण तिच्यासारखी चुणी घालणारी दुसरी मिळणं कठीण होतं.

पुढे भाऊ आणि वहिनी भेटायला आले. भाच्याचं नवं घर झालं होतं, तिथे पडदे हवे होते. चहा झाल्यावर भाऊ म्हणाला, "आता राग सोड आणि घरी चल. इस्त्रीची खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी."

आत्याला आनंद झाला, तो तिने लपवला नाही. "चांगलं केलंस. पाहुण्यांना होईल. मी इथेच बरी आहे."

"अशी कशी गं तू हट्टी झालीस?"

"उशिरा," ती म्हणाली.

वहिनीने जाताना फ्रिज उघडून पाहिला. हात लावला नाही. "माझी कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते," ती फ्रिजकडे बघतच म्हणाली. आत्याने अस्तराचे दोन धुतलेले तुकडे तिच्या हातात दिले आणि कसं गुंडाळायचं ते दाखवलं. पडद्यांची मापं घेऊन दुकानात या म्हणाली, रांगेत नंबर लावून देते.

थोरली काही वर्षांनी म्हातारपणाने गेली, झोपेतच. भाऊ आला, आत्याजवळ बसला, आणि निघताना त्याच्याने राहवलं नाही. "आता एकच उरलीय. तीही काही दिवसांची. मग तरी येशील ना?"

सशाला एकटं ठेवलं की तो झुरतो, एवढंच आत्या म्हणाली. नंतरच्या रविवारी ती दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथली एक बाई लोकांनी टाकून दिलेले ससे आपल्या अंगणात सांभाळायची. त्यातून आत्याने एक राखाडी पिल्लू निवडलं, सगळ्यांत लहान नि निरोगी. अजून दहा वर्षं सहज जगेल असं बाईने सांगितलं.

"वय काय तुमचं?" बाईने जरा काळजीने विचारलं.

"पाला आणण्याइतकं आहे," आत्या म्हणाली आणि खोकं उचललं.