सदतिसावं पान

दुपारचे अडीच वाजलेत. भुसावळचा मे महिना. कूलर घरघरतोय, पण त्याचा वारा आता गार राहिलेला नाही. प्रल्हाद सुरवाडे टेबलावर डावा हात आडवा टाकून त्यावर गाल टेकवतो. झोपायचं त्याच्या मनात नाही. नुसते डोळे मिटायचे, पाच मिनिटं.

समोर कोरा ड्रॉइंग पेपर आहे आणि मनात सकाळचं फोनवरचं बोलणं.

प्रल्हाद आयुष्यभर चित्रं काढत आलाय. आधी दुकानांच्या पाट्या, मग शाळेच्या पुस्तकांतली चित्रं, आणि गेली सहा वर्षं थोर तर्कशास्त्रज्ञांच्या चित्रकथा. पहिली तीन पुस्तकं परदेशातल्या माणसांवर निघाली. सातवी-आठवीची पोरं ती कॉमिकसारखी हातोहात वाचतात. चौथं पुस्तक त्याच्या स्वतःच्या बाईंवर आहे. डॉ. सिंधू अत्तरदे. यावलच्या शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची आणि स्टोव्हपाशी बसून सिद्धता लिहायची. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली.

पुस्तकाची संहिता बाईंची भाची वैजयंती लिहितेय. आज सकाळी तिचाच फोन आला होता.

"दादा, ते चुकीबद्दलचं पान काढून टाकू या. अडुसष्टमध्ये आत्यानं सिद्धता मांडली, टाळ्या पडल्या, तिथेच शेवट करू. पुढची नऊ वर्षं गाळा. मुलांना काय करायचंय ते?"

बाईंची ती सिद्धता चुकलेली होती. चूक त्यांची त्यांनाच अकरा महिन्यांनी सापडली. त्यांनी ती नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून जाहीर केली, आणि नऊ वर्षांनी तीच गोष्ट दुसऱ्या, लांबच्या वाटेनं सिद्ध केली. आज त्यांचं नाव घेतात ते त्या दुसऱ्या सिद्धतेसाठी.

प्रल्हाद "बरं" म्हणाला होता. खरं तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं. चूक सापडली तेव्हा बाईंचा चेहरा कसा झाला असेल, हे त्याला काही केल्या काढता येत नव्हतं. आठ कागद फाडून झाले होते.

कूलरची घरघर लांब जाते. कोणीतरी फळा पुसतंय.

"पाय खाली घे, सुरवाडे. बाक आहे तो, पलंग नव्हे."

तो पाय खाली घेतो. कॉलेजचा वर्ग आहे, पण खिडकीबाहेर केळीची बाग थेट भिंतीला टेकलीय आणि हिरवा उजेड आत आलाय. बाई फळ्यापाशी उभ्या आहेत. तीच बारीक काठाची सुती साडी, खांद्यावर खडूची भुकटी. बाई गेल्यात हे त्याला ठाऊक आहे. तरी त्यात वावगं काही वाटत नाही. हजेरी व्हायचीय एवढंच वाटतं.

"बाई, तुमच्यावर पुस्तक करतोय."

"कळलं मला. एक सांग, चित्रात 'नाही' कसं काढतोस?"

तो विचार करतो. "रिकामी खुर्ची काढतो. म्हणजे कोणी नाही."

"कोण नाही?"

"ते... ते नाही कळत एकट्या खुर्चीवरून. दोन चौकटी लागतात. आधीच्या चौकटीत माणूस बसलेला दाखवायचा, मग खुर्ची रिकामी."

"म्हणजे 'नाही' म्हणायला आधी 'आहे' काढावं लागतं."

"हो."

"मग चूक न काढता बरोबर कसं काढणार आहेस?"

तो खाली बघतो तर बाकावर त्याचीच उत्तरपत्रिका आहे, प्रथम वर्षाची. तिसरा प्रश्न: प्रत्येक कुलपाला एक तरी किल्ली असते, म्हणून अशी एक किल्ली असते की जिनं सगळी कुलपं उघडतात. बरोबर की चूक? त्यानं लिहिलंय, बरोबर. पुढे लाल शाईत शून्य. पण समासात त्यानं कंटाळून पाच कुलपं आणि पाच वेगवेगळ्या किल्ल्या काढल्यात, प्रत्येकीचे दात निराळे.

"आठवतं, मी काय म्हणाले होते?"

"चित्र बरोबर आहे, उत्तर चुकलंय."

"पुढचं सांगितलं नव्हतं. ते शून्य देताना माझा हात अडला होता."

"का, बाई?"

"अडुसष्टमध्ये मी हेच केलं होतं. किल्ल्या नव्हत्या, मोठी मोठी चिन्हं होती, म्हणून दिसलं नाही. प्रत्येकासाठी काहीतरी सापडत होतं. मी धरून चालले की सगळ्यांसाठी एकच सापडलं. सदतिसाव्या पानावर, एका ओळीत. आणि त्या ओळीच्या आधी मी लिहिलं होतं, 'हे उघडच आहे.'"

बाई हसतात. प्रल्हादला हसू येत नाही.

"तुम्हाला ते सापडलं तेव्हा..." तो थांबतो. जिवंतपणी हा प्रश्न विचारायची त्याची छाती कधी झाली नव्हती. "तेव्हा तुमचा चेहरा कसा होता, बाई?"

"मला काय ठाऊक? घरात आरसा होता तो बाहेरच्या खोलीत."

बाई आता पाटावर बसल्यात. फळा होता तिथे आता धुरानं काळी झालेली भिंत आहे, आणि तिच्यासमोर स्टोव्ह फरफरतोय. प्रल्हाद उंबऱ्यावर उभा आहे, हातात वही धरून. स्वयंपाकघर कॉलेजच्या वर्गाएवढंच मोठं आहे आणि त्यात बाई फार लहान दिसतात. तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आहे. मांडीवर कागद.

"बघ," त्या म्हणतात.

त्या वाचत वाचत भाकरी उलटतात. वाचतात. मग बोट एका ओळीवर थांबतं. चेहऱ्यावर काहीच होत नाही. भाकरी करपल्याचा वास येतो. बाई स्टोव्हची चावी सोडतात, हवा जाते, फरफर थांबते. एवढी शांतता प्रल्हादनं कधी ऐकलेली नाही. त्या पुन्हा पहिल्यापासून वाचतात. मग करपलेली भाकरी तव्यावरून काढतात, काळा भाग नखानं खरवडतात आणि उरलेली खाऊ लागतात. सगळी खातात. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि त्या चावतायत.

"रडायचं होतं तर जेवलात कशाला?" प्रल्हाद विचारतो. त्याचा आवाज त्यालाच लहान मुलासारखा वाटतो.

"भूक लागली होती रे. चार वाजता तास होता."

"घेतलात तास?"

"न घेऊन काय करते? पोरं आली होती."

"आणि नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं रोज चार वाजता तास होता." बाई पदरानं तोंड पुसतात. "लोकांना वाटलं, बाई संपल्या. मलाही दोनतीनदा वाटलं. तू ते गाळलंस तर राहिलं काय? एक बाई उठली, टाळ्या घेतल्या, खाली बसली. पोरांना कळेल की आपल्याला जमायचं नाही."

"वैजयंतीताईंना वाईट वाटेल. तुमची शोभा होईल म्हणतात."

"तिची माया आहे ती. तिला रागावू नकोस. पण मी चूक झाकली नव्हती, प्रल्हाद. त्याच दिवशी संपादकांना कार्ड टाकलं. पेन्सिल आहे ना हातात? त्यातला मजकूर घे लिहून."

त्यांनी आजवर त्याला प्रल्हाद म्हटलेलं नाही. कायम सुरवाडे. हे त्याच्या ध्यानात येतं. तो उंबऱ्यावर खाली बसतो. बाई शुद्धलेखन सांगावं तसं सावकाश, शब्द सुटा करून सांगतात. तो लिहितो. केळीची पानं आता आतपर्यंत आलीयत, बाईंच्या खांद्यामागे हलतायत.

"बाई, जरा हळू."

"हळूच सांगतेय. तू लिही."

कोणीतरी जिन्यात बादली आपटतं.

प्रल्हाद दचकून मान वर करतो. कूलर कोरडाच फिरतोय. गालावर मनगटाच्या घड्याळाचा वळ उठलाय. चार वाजायला आलेत. उजव्या हातात पेन्सिल आहे, आणि मघाच्या कोऱ्या कागदावर, तिरकी, खाली उतरत गेलेली एक ओळ. अक्षर त्याचंच, पण लहानपणी होतं तसं, मोठं आणि वाकडं:

सदतिसाव्या पानावर चूक आहे. ती मा

तो ती ओळ पुन्हा एकदा वाचतो. मग वैजयंतीला फोन लावतो.

"ताई, ते पान मी ठेवतोय. सकाळी बरं म्हणालो, ते चुकलं माझं."

मग ती म्हणते, "दादा, आत्याला चाललं असतं का हो?"

"त्यांनी स्वतः कळवलं होतं जगाला. आपण त्यांच्यापेक्षा जास्त जपायला निघालोय त्यांना. त्या पत्राचा मजकूर मिळतो का बघा. मला अंदाजानं लिहायचा नाहीये."

"बघते," वैजयंती म्हणते. आवाज ओला आहे. "चेहरा जमेल का पण? तुम्ही म्हणत होता, जमत नाही."

"चेहरा सोपा आहे," प्रल्हाद म्हणतो. "जेवतायत त्या."

फोन ठेवून तो नवा कागद घेत नाही. वाकड्या ओळीखाली पट्टी धरतो आणि पहिली चौकट आखतो.