तात्यांच्या छताचा तपास

तात्या माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझ्या चपला उलट्या करून तळ बघताना. शाळेच्या नोकरीसाठी मी नुकताच पाटणला राहायला आलो होतो. सकाळी दार उघडलं तर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उंबऱ्याशी उकिडवे बसलेले. शेजारीच असलेल्या त्यांच्या घराच्या पत्र्यावर कुणीतरी चालल्याचा आवाज झाला होता आणि गल्लीत नवा माणूस मीच होतो. तळ निरखून झाल्यावर चपला जोडून ठेवत ते म्हणाले, "सध्या तरी तुमी न्हाई, मास्तर." त्या 'सध्या तरी'तून माझी पुढे बरीच वर्षं सुटका झाली नाही.

तात्या लष्करी पोलिसातून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, तपास काही सुटला नाही. दूधवाला हसला तर त्यांना दुधात पाण्याची शंका यायची आणि हसला नाही तर जास्त पाण्याची. मुलगी लग्न होऊन सांगलीला, त्यामुळे घरात ते आणि सुमनकाकी दोघंच. काकींना दमा होता. साऱ्या जगाकडे तिरक्या नजरेने बघणारा हा माणूस काकींना नुसता खोकला आला तरी हातातलं काम टाकून उठायचा.

छत केलं तेही काकींसाठीच. वानरांनी कौलं फोडली म्हणून घरावर उतरता पत्रा घातला होता आणि उन्हाळ्यात त्याखाली काकींचा जीव नकोसा व्हायचा. तात्यांनी फिटरकडून आतून लोखंडी सांगाडा करून पीव्हीसीच्या पट्ट्या लावून घेतल्या आणि पट्ट्यांवर थर्माकोल पसरलं. वर पत्र्यापर्यंत थोडी पोकळी राहिली होती. वळचणीच्या आणि आढ्याच्या फटी मात्र त्यांनी फोम मारून बुजवल्या. साप, मांजर आणि बाहेरून कान लावणारा माणूस, तिघांचाही बंदोबस्त झाला. वरच्या पोकळीत थोडी हवा खेळू द्या, असं मी सुचवलं, तर त्यांनी मला त्या फटीशी काय काम आहे ते विचारलं.

उन्हाळा खरंच सुखाचा गेला. पावसाळ्यात पट्ट्यांवर काळे ठिपके उमटले, ते गळतीच्या नावावर गेले. पण थंडीत, आभाळ कोरडं ठणठणीत असताना, पहाटे सांध्यांतून थेंब पडू लागले तेव्हा तात्यांचे डोळे बारीक झाले. "पाणी आपल्या पायानं येत न्हाई, मास्तर. त्येला कुणीतरी आणतं," असं ते म्हणायचे आणि माझ्या गच्चीवरच्या टाकीकडे बघायचे.

टाकी रिकामी करून दाखवली तेव्हा मी सुटलो. मग छत बसवणाऱ्या फिटरची पाळी आली. त्याने मुद्दाम पत्र्याचे स्क्रू ढिले ठेवले, म्हणजे पुन्हा काम मिळेल, असा आरोप होता. त्याने वर चढून एकेक स्क्रू तपासून दाखवला. त्यानंतर पुतण्या, कारण शेताच्या बांधाचा वाद असूनही तो हल्ली जरा जास्तच गोड बोलत होता. तात्यांनी संध्याकाळी पत्र्यावर राख पसरली आणि सकाळी शिडी लावून बघितली. राखेत फक्त मांजराची पावलं होती. तात्यांचं समाधान झालं नाही. मांजर कुणाचं, याची चौकशी त्यांनी आठवडाभर केली.

इकडे काकींचा दमा वाढत चालला. तात्या त्यांना सकाळ-संध्याकाळ वाफारा द्यायचे. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, स्टोव्हवर मोठं पातेलं, काकींच्या डोक्यावर टॉवेल आणि टॉवेल धरून शेजारी तात्या. गुण नाही आला की ते तिसऱ्यांदा पाणी ठेवायचे. शेवटी डॉक्टरांनी घराला बुरशीचा वास येतोय म्हणून बजावलं आणि मुलगी येऊन आईला सांगलीला घेऊन गेली. घर कोरडं झाल्याशिवाय आई परत येणार नाही, असं तिने तात्यांना तोंडावर सांगितलं.

तात्यांनी अर्थातच मुलीवर संशय घेतला. पण फोनवर काकी दम न लागता बोलू लागल्या, जिने चढू लागल्या. "तिकडं बरी हाय आन् हितंच का दमते?" असं मला विचारता विचारता त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं. काकी गेल्यापासून छतातून एक थेंबही पडला नव्हता.

मग त्या माणसाने जे केलं ते मी विसरणार नाही. खिडक्या लावून त्यांनी पातेलं चढवलं आणि डोक्यावर टॉवेल घेऊन स्वतः वाफेसमोर बसले. सकाळ-संध्याकाळ, अगदी काकींना बसवायचे तसे. दुसऱ्या दिवशी पहाटे मला साक्षीदार म्हणून हाक आली. सांध्यांतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी एक पट्टी उचकटली. वरचं थर्माकोल काळं पडून ओलं झालेलं आणि गार पत्र्याला खालून थेंबच थेंब लगडलेले. वाफ सांध्यांतून वर जात होती, पत्र्याला लागून तिचं पाणी होत होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. वाट त्यांनीच बुजवली होती.

"आरोपी घावला," तात्या म्हणाले. ते शिडीवरून उतरले आणि खाली बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

सगळं छत उतरवलं गेलं. तोच फिटर आला. वळचण आणि आढं मोकळं करून तिथे बारीक जाळी लावली, थर्माकोल नवं घेतलं, त्याच्या खालून जाड प्लास्टिक घालून सांधे टेपने बंद केले आणि स्वयंपाकघरात वाफ ओढणारा पंखा बसवला. तात्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून बघत होते, पण फिटरला त्यांनी स्वतः चहा आणून दिला. काकी सांगलीहून आल्या तेव्हा दारातच उभं राहून तात्यांनी गुन्हा कबूल केला. "वाफ मीच देत हुतो. तुला मीच आजारी पाडलं." काकींनी वर छताकडे बघितलं, बरं म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

गेल्या वर्षी तात्या गेले. दिवस झाल्यावर मी काकींकडे बसलो होतो. छताचा विषय निघाला आणि तात्यांना ते मनाला किती लागलं होतं, ते मी सांगितलं. काकी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "वाफेनं मला जास्तच कोंडतंय ह्ये मला पहिल्याच आठवड्यात कळलं हुतं, मास्तर."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"आवं, तेवढाच येळ ते कुणाचा संशय न घेता माझ्याजवळ बसायचे."