हळदी कापडाखालचे ताट

बेडूकबाई कुणालाही क्षमा करीत नसत. त्यांच्या स्वभावातला हा सर्वांत ठळक आणि माझ्या मते सर्वांत देखणा गुण. आमच्या महाविद्यालयाच्या अलीकडेच निघालेल्या स्मरणिकेत त्यांच्यावर एक पान आहे. त्यात त्यांना ‘क्षमाशील’, ‘मृदुभाषी’ आणि ‘पडद्यामागे राहून सहकार्य करणाऱ्या’ ठरवले आहे. तिन्ही विशेषणे खोटी आहेत. ते पान लिहिणाऱ्या तरुणाने बाईंना पाहिलेलेही नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवीत असे, त्या प्राणिशास्त्र; म्हणूनच विद्यार्थ्यांत त्या बेडूकबाई. आमच्या प्रयोगशाळांमध्ये एक भिंत होती आणि बाईंचा आवाज त्या भिंतीला जुमानत नसे. तेव्हा मृदुभाषी कोण होते, हे मला कुणी सांगू नये.

“आधी रंग, मग नाव, आणि बाटली सगळ्यात शेवटी!” हे त्यांचे वाक्य त्या भिंतीतून मी इतक्यांदा ऐकले की माझे विद्यार्थीही पानाफुलांबाबत ते म्हणू लागले. बेडूक असो वा साप, सापडलेल्या प्राण्याचा रंग तो जिवंत असताना, उजेडात, तिथल्या तिथे पाहून सांगायचा. पुढे तो बाटलीत गेला की रंगाविषयी बोलायचा अधिकार संपला. कारण फॉर्मॅलिन आणि स्पिरिट शरीर टिकवतात, रंग खाऊन टाकतात. “बाटलीतला बेडूक म्हणजे लग्नाच्या फोटोतला नवरा,” त्या म्हणत. “चेहरा तोच, पण स्वभाव कळायचा नाही.”

वर्गीकरणाची त्यांची सवय प्रयोगशाळेपुरती नव्हती. प्राध्यापकांच्या खोलीत खिडकीच्या काचेवर पाल आली की इतर जण खुर्च्या मागे सरकवीत. बाई बाहेर जाऊन काचेच्या पलीकडून तिच्या बोटांखालच्या पट्ट्या बघत आणि ती कोणत्या जातीची ते सांगत. माणसांचेही तसेच. मला त्या ‘वनस्पती’ म्हणत. “वनस्पती, तुम्ही मुळं धरून बसलात, म्हणून प्राचार्य नाही झालात.” त्यांच्या विभागप्रमुखांना मी एकदा रागाने सरडा म्हणालो, तेव्हा त्यांनी मलाच झापले. “सरड्याचा अपमान करू नका. तो रंग बदलतो, पण स्वतःचा. हे दुसऱ्याचा घेतात.”

हे त्या का म्हणाल्या, ते सांगतो; कारण स्मरणिकेने नेमके हेच गाळले आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य. रविवारचा मिस्सा संपला की बाई चर्चमधून घरी येत, चांगली साडी बदलून जुनी नेसत, पायांत गमबूट चढवीत आणि कामणच्या रिक्षात बसत. तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरांच्या वर ओल्या पालापाचोळ्याची एक पट्टी होती. वसईच्या परिसरात देवगांडूळ असलेच पाहिजे, असा बाईंचा आग्रह होता. देवगांडूळ म्हणजे गांडूळ नव्हे. तो बेडकाचा बिनपायांचा नातेवाईक; मातीखाली राहतो, अंगावर वलये असतात आणि बहुतेक माणसे जन्मभर त्याला पाहत नाहीत. इथून त्याची नोंद कुणीच केली नव्हती. कितीतरी पावसाळे त्यांनी ती माती उकरली. बऱ्याचदा मी सोबत असे.

सापडला तेव्हाही होतो. कुजक्या पानांखालून जांभळट काळे, चकचकीत अंग बाहेर आले आणि त्याच्या कडेने डोक्यापासून शेपटापर्यंत झळझळीत पिवळा पट्टा. बाईंनी तो तळहातावर घेऊन उजेडात धरला. खाचराचा मालक वाकून पाहू लागला.

“बाई, या गांडूलाला हलद लागलीय. लगीन हाय का त्याचा?”

“लग्नच आहे,” बाई म्हणाल्या. “आणि मीच वरमाय!”

बाटलीवरच्या चिठ्ठीत त्यांनी जागा लिहिली, तारीख लिहिली. रंग लिहायची गरज त्यांना वाटली नाही; तो त्यांच्या डोळ्यांत होता. वलये मोजून, जवळच्या जातींशी ताडून शोधनिबंध लिहायचे त्यांनी ठरवले आणि तेवढ्यात त्यांची आई अंथरुणाला खिळली. बाई लांब रजेवर गेल्या. परतल्या तेव्हा बाटली कपाटात नव्हती. विभागप्रमुखांच्या टेबलावर होती. शेजारी एका नियतकालिकाचा अंक होता आणि त्यात देवगांडुळावरचा लेख एकट्या विभागप्रमुखांच्या नावावर. बाईंचे नाव आभारांतही नव्हते. ‘प्रयोगशाळेतील सहकारी’ एवढेच.

स्मरणिका म्हणते, बाईंनी ‘हे हसून स्वीकारले’. त्या हसल्या हे खरे. मी समोर होतो. लेख वाचता वाचता त्या एका ओळीशी थांबल्या आणि असे हसल्या की शिपाई धावत आला. ती ओळ अशी होती : ‘जिवंतपणी वर्ण राखाडी, कडेला पांढरट पट्टा.’

बाटलीने पिवळा रंग खाल्ला होता आणि विभागप्रमुखांनी बाटली पाहून जिवंतपणा लिहिला होता.

“आता ओरडा की!” मी म्हणालो.

“छे हो, वनस्पती. आता गप्प बसायचं. पाऊस येऊ दे.”

पाऊस आला. ऑगस्टमध्ये आमच्या सभागृहात चर्चासत्र होते आणि विभागप्रमुख आपल्या शोधाविषयी बोलणार होते. मुंबईहून पाहुणे आले होते. बाई पहिल्या रांगेत, मिस्साच्या साडीत. शेजारी मी, आणि माझ्या मांडीवर नाताळच्या केकचा पत्र्याचा डबा, झाकणाला भोके पाडलेला. भाषण संपल्यावर बाई उठल्या.

“सर, पट्टा कुठल्या रंगाचा?”

“पांढरट. लेखात आहे.”

“जिवंतपणी?”

“अर्थात जिवंतपणी. बाई, मी स्वतः पकडलाय तो.”

“स्वतः. बरं.” त्या माझ्याकडे वळल्या. “वनस्पती, उघडा.”

मी झाकण काढले. ओल्या मातीतून हळदीची रेघ सरकली; त्या पावसात कामणच्या पाचोळ्यात पुन्हा सापडलेला देवगांडूळ. सभागृहातली पाठची रांग उभी राहिली. विभागप्रमुख म्हणाले, ही दुसरी जात असेल. त्यांचे भक्त आजही तेच म्हणतात, म्हणून मुद्दाम नोंदवतो : पाहुण्यांपैकी एका वृद्ध तज्ज्ञाने तिथेच भिंग लावून वलये मोजली, बाटलीतल्या नमुन्याचीही मोजली, आणि दोन्ही प्राणी एकाच जातीचे असल्याचे सांगितले. संध्याकाळी बाईंनी तो जीव कामणला नेऊन त्याच पाचोळ्यात सोडला. “जा बाबा, साक्ष झाली तुझी.”

पुढे त्या नियतकालिकात दुरुस्ती आली. ‘पांढरट’ऐवजी ‘पिवळा’ वाचावे. बस. बाईंचे नाव तिथेही नव्हते. रंग परत मिळाला, कामाचे श्रेय मिळाले नाही.

म्हणून त्या वर्षापासून ताट सुरू झाले. दर नाताळला करंज्या, चकल्या, केक यांनी भरलेले एक ताट बाई विभागप्रमुखांच्या घरी पाठवू लागल्या. स्मरणिकेतल्या ‘क्षमाशील’चा सगळा पुरावा हे ताट आहे! लेखकाने फराळ मोजला, कापड पाहिले नाही. त्या ताटावर दरवर्षी कोरे, झळझळीत हळदी कापड असे. बाई ते बाजारातून स्वतः निवडून आणत. दुकानदाराला तागा उजेडात न्यायला लावीत, आणि छटा फिकी वाटली तर परत करीत. विभागप्रमुख ते ताट नाकारू शकत नव्हते, सणाचे होते. ते कापड उचलल्यावाचून खाऊही शकत नव्हते.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो. आवाज खाली आला होता, धार तशीच होती.

“वनस्पती, ताट चालू ठेवा.”

“बाई, आता तरी सोडा.”

“मेल्यावर माणसं लगेच चांगली होतात. मला तसं होऊ देऊ नका.”

अंत्यविधीला विभागप्रमुख पांढऱ्या फुलांचे चक्र घेऊन आले आणि बाई आपल्याला धाकट्या बहिणीसारख्या होत्या असे चारचौघांत म्हणाले. मी त्या चक्रावर पिवळी शेवंती आडवी ठेवली. काहींना ते अशिष्ट वाटले. वाटो.

तेव्हापासून ताट मी पाठवतो. फराळ माणिकपूरच्या बेकरीचा, कापड मी निवडलेले. गेल्या नाताळला विभागप्रमुखांच्या सुनेने दारातच अडवले. “काका, बाबांना आता गोड चालत नाही हो. उगाच कशाला दरवर्षी?”

“फराळ तुम्ही खा, सूनबाई,” मी म्हणालो. “त्यांना फक्त कापड दाखवा.”

विभागप्रमुखांचे नाव मी या लेखात कुठेही घेतलेले नाही. विस्मरणाने नव्हे, त्यांनी जे केले तेच त्यांना परत केले. कामणचा तो पिवळ्या पट्ट्याचा देवगांडूळ ज्यांनी शोधला, ओळखला आणि जिवंत पाहिला, त्यांचे नाव मात्र पूर्ण लिहितो. रेजिना लोपीस.